तीन नंबरची खोली

कळमन्यात मे महिना असा,
की हमालांच्या पाठीवरचं मीठ
दुपारी दोनला पांढरं दिसतं.
आणि आत, जाड दाराच्या पलीकडे,
मी स्वेटर घालून
संत्र्यांच्या मधून चालत असतो.
सहा अंश. ओलावा नव्वद.
दर तासाला हे दोन आकडे वहीत लिहितो,
पेन आधी काखेत धरून,
कारण रिफिल आखडते.

ओलावा उतरला तर साल सुरकुतते,
चढला तर छताला घाम फुटतो,
आणि त्यातला एक थेंब
ज्या क्रेटवर पडेल
तिथून गोष्ट सुरू होते.

वच्छलाबाई खोब्रागडे म्हणतात,
बुरशी खोलीत जन्मत नाही बाप्पा,
ते नखातून येते.
म्हणून सोमवारी, छाटणीच्या आधी,
सगळ्या बायांचे हात पुढे.
नेलकटर बाईंच्या पदराला बांधलेलं.
एका नव्या पोरीनं लग्नासाठी वाढवलेली नखं
त्यांनी कापली, तिला रडू दिलं,
आणि त्या दहा चंद्रकोरी
कागदात बांधून तिलाच परत दिल्या.

देठ ओढायचा नाही, कात्रीनं घ्यायचा.
क्रेट ब्लीचिंगच्या पाण्यातून काढून उन्हात उपडे;
आमचं ऊन निदान एवढ्या कामाला बरं.
भिंतीपासून वीतभर सोडायचं,
हवेलाही जायला-यायला रस्ता लागतो.
शेठनं एकदा ओळखीच्या माणसाची सफरचंदं
दोनच दिवसांसाठी आत ठेवली,
तर बाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

आणि निघालंच एखादं,
कडेला पांढरं, मधे हिरवट भुकटी,
तर आधी श्वास धरायचा.
हळूच वरून पिशवी घालायची,
त्याला कळूही न देता,
आणि गाठ आतच मारायची.
घाईनं उचललं की भुकटी उडते,
पंख्याला काय,
तो मिळेल ते सगळ्यांना वाटतो.

पण खरं यंत्र म्हणजे बाईंचं नाक.
दार उघडायचं, उंबऱ्यावर थांबायचं,
"डावीकडं. चवथी रांग. खालून दुसरा."
आणि असायचंच.
भिंतीवरच्या काट्याला तोवर पत्ता नसे.

मग त्या वर्षीचा ताप.
परत आल्या तेव्हा उंबऱ्यावर थांबल्या,
बराच वेळ.
पडद्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या
त्यांच्या खांद्यांवर आपटत होत्या.
"तू पाय," म्हणाल्या,
"मले काहीच येऊन नाही राहिलं."

तेव्हापासून त्यांचं नाक मी.
रात्री अकराला, पहाटे चारला.

अशाच एका चारला
मफलर नाकापर्यंत ओढलेला,
डोळे अर्धे घरी.
त्यांनी विचारलं, "येते का?"
मफलर न काढता म्हणालो, नाही.

तिसऱ्या दिवशी काटोलच्या मालातले
एकवीस क्रेट बाहेर गेले,
निळसर, मऊ,
मांजरीच्या पिलांसारखे.
बाई रागावल्या नाहीत.
वही मागून घेतली,
त्या पहाटेच्या चारच्या रकान्यावर बोट ठेवलं.
सहा अंश. नव्वद.
दोन्ही आकडे खरे होते.

आता मफलर बाहेरच खिळ्याला टांगतो.
नाक लाल होतं, गळतं,
तरी उंबऱ्यावर थांबतो, त्यांच्याएवढाच.

काल सुट्टी होताना बाईंनी एक संत्रं सोललं.
सालीचा फवारा उडाला,
ट्रकवाले दोघं मान वळवून पाहू लागले.
अर्धं माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या,
"सांग तं, कसा येते?"
मी शब्द शोधले.
बाहेर पोत्यांची धूळ, डिझेल, तापलेलं डांबर,
आणि त्या सगळ्यावरून ते.
शेवटी म्हणालो, संत्र्यासारखा.

बाई हसल्या.
"हे तं तू वहीतल्यासारखंच सांगितलं."
आणि उरलेली साल
सवयीनं पिशवीत घालून
गाठ मारली.